चाळणीत अडलेली सूचना

१

वाचनालयाच्या दारातला फळा मधोमध दुभंगला होता आणि मानीबाई दुसरा धोंडा शोधत होती.

"लिव ना आता! माह्या बादलचे डोये गेले, लिव ते मोठ्ठ्या अक्षरात!"

फळ्याखाली राखी उभी होती. हातातला खडू हातातच. रोज सकाळी संगणकावर कापूस-सल्ल्याचं पान उघडायचं, वाचायचं आणि या फळ्यावर उतरवायचं, हे तिचं काम. पांढरकवड्याच्या बाजाराला येणारा माणूस आधी फळा वाची, मगच कृषी केंद्राची पायरी चढे. ज्याला वाचता येत नसे, तो शेजारच्याला कोपराने ढोसून वाचून घेई. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडाबोंडात अळी होती. फवारणीवाचून कोणाचंच भागत नव्हतं. मानीबाईचा बादल पाठीवर पंप बांधून रोजाने लोकांची शेतं फवारी. तो परवा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोसळला. शुद्धीवर आला यवतमाळच्या दवाखान्यात, आणि विचारता झाला, "याडी, रात झाली का?" याडी म्हणजे आई. बाहेर तेव्हा टळटळीत दुपार होती.

"काकी, शपथ घेऊन सांगते," राखी म्हणाली. ती मानीबाईच्याच तांड्यातली. "सल्ल्यात असं काहीच नव्हतं आलं."

"नव्हतं? मुकुटबनच्या फळ्यावर पोळ्याच्या दुसऱ्या दिसापासून लिवून हाय! माह्या भावानं, फुलसिंगनं सोता वाचलं. जोडीची दोन औषधं एका पंपात टाकू नका, माणूस मरते. तिथं कोणाले साधी चक्कर नाही आली. अन् तू? आपल्या तांड्याची पोरगी असून? कोणाचं मीठ खाल्लं वं तू?"

पायऱ्यांवर चपला काढून रजनीबाई उभ्या होत्या. वाचनालयाचे चिटणीस कमलाकरराव यांची बायको. आवाज इतका मऊ की दूधवालाही रोज दोनदा "काय म्हणता?" म्हणून विचारी. चातुर्मासात त्यांचे नेम वाढत. कांदा-वांगं बंद, जेवताना मौन, आणि माहेरच्या देवीचं त्या दिवसाचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न नाही. गुडघेदुखीने प्रवास सुटला होता. पण माहेरी भाचा क्षितिज रोज सकाळी देवीचा फोटो देवळाच्या पानावर चढवी, आणि राखी इथे तो उघडून देई.

मानीबाईने धोंडा उचलला. रजनीबाई पुढे झाल्या आणि तिचा हात धरला.

"मानीबाई, फळ्याने नाही लपवलं."

"मंग कोनं लपवलं?"

रजनीबाईंच्या छातीत काहीतरी पेटलं होतं. रागावणं त्यांच्या कोणत्याच व्रतात बसत नव्हतं, आणि तो राग विझतही नव्हता.

"संध्याकाळच्या आत सांगते," त्या म्हणाल्या.

२

आत कमलाकररावांनी निकाल जवळजवळ लावूनच टाकला होता.

"चार वाजता कमिटी बसेल. राखीला काढावंच लागेल. लोक चिडले आहेत."

"पण सूचना आली होती की नव्हती, हे तर कळू द्या," रजनीबाई म्हणाल्या.

"नव्हती. मी स्वतः केबिनमध्ये रोज ते पान उघडतो. कुठलीच सूचना नव्हती. मुकुटबनवाल्यांनी कुठून उतरवलं, देव जाणे. आणि असलीच, तर ती पाहणं हिचं काम होतं." त्यांनी चष्मा पुसला. "तू या फंदात पडू नकोस. तुला उपासाने चक्कर येते."

हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला. तसे ते प्रेमळच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून हॉलमधल्या संगणकावर देवीचा फोटो उमटेनासा झाला होता. पहिल्या दिवशी रजनीबाई रिकाम्या डोळ्यांनी घरी गेल्या आणि पाट मांडूनही जेवायला बसेनात. तेव्हा कमलाकरराव दुपारी घरी येऊन म्हणाले होते, "देवी आज हिरव्या शालूत आहे. चाफ्याची वेणी माळली आहे. ऐकलंस, दर्शन झालं. जेव आता." ऐकलेलं दर्शनही दर्शनच, असं मनाशी म्हणून त्या जेवल्या. जेवताना मौन, म्हणून विचारणं राहिलं. क्षितिजला फोन लावत असतील, असं त्यांनी धरून चाललं. मग रोजच ते दर्शन घरी आणू लागले, पिशवीतून भाजी आणावी तसं.

हॉलमध्ये पुंडलिकराव पेपर वाचत बसले होते. कमिटीचे अध्यक्ष आणि गावातलं सगळ्यात मोठं कृषी केंद्र त्यांचं. वाचनालयाचा नवा हॉल त्यांच्याच देणगीतून उभा राहत होता. दारावर कमलाकररावांच्या वडिलांचं नाव लागणार होतं.

"वहिनी, बसा. काय हा तमाशा!" ते म्हणाले. "पोरं तोंडाले फडकं बांधत नाहीत, तंबाखू चोळतात, अन् मंग औषधाच्या नावानं बोंबा."

"ती दोन औषधं जोडीने तुम्हीच विकता ना?"

"सगळेच विकतात! जोडी घेतली की टोपी फुकट. शेतकऱ्यालेच पाहिजे असते, म्या काय जबरदस्ती करतो?"

"बादलच्या डोक्यावर तीच टोपी होती म्हणे."

पुंडलिकरावांनी पेपरचं पान उलटलं. "मले संशयानं नका पाहू. मले तर त्या डब्याचं बटनही माहीत नाही. माउस म्हटलं की मी पाय वर घेतो."

ते मात्र खरं होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं.

राखीने मुकुटबनच्या वाचनालयात फोन लावला. तिथला धावजी फोनवरच ओरडला, "अवं पोरी, सूचना नाही म्हणते? माह्या समोर उघडं हाय ते पान! वरतीच लाल चौकट हाय. मधात कवटी. खाली लिवलं हाय, ही दोन औषधं मिसळू नका, डोक्याच्या वर गेलेल्या पिकात फवारू नका. तुले दिसत नाही का?"

राखीने फोन कानाला तसाच धरून आपला संगणक पाहिला. तेच पान. तोच मथळा. आणि मथळ्याखाली, जिथे लाल चौकट हवी, तिथे पांढरी कोरी जागा.

३

"चाळणी," राखी कुजबुजली. "काकू, चाळणीनं खाल्लं."

रजनीबाईंना चाळणी ठाऊक होती. इंटरनेटची लाइन बारीक आणि पानापानावर नाचऱ्या जाहिराती. पान उघडेपर्यंत चहा थंड व्हायचा. शिवाय कॉलेजच्या मुली बसलेल्या असताना पडद्यावर नको ती चित्रं यायची. म्हणून यवतमाळचा साकेत येऊन एक प्रॉक्सी बसवून गेला होता. हॉलमधल्या संगणकांनी मागवलेलं प्रत्येक पान आधी केबिनच्या मोठ्या मशीनवर येई, तिथे जाहिराती गाळल्या जात आणि मग ते हॉलमध्ये पोचे. धान्यातले खडे काढावेत तसं. म्हणून चाळणी.

"पण सूचना म्हणजे काही जाहिरात नव्हे."

"चाळणीले काय समजते? ती माप पाहते. जाहिरातीच्या पट्ट्या ठरलेल्या लांबी-रुंदीच्या असतात. त्या मापाचं चित्र दिसलं की काढते. मराठी अक्षरं पुष्कळ संगणकांवर चौकोन चौकोन दिसतात म्हणून सल्ल्याच्या लोकांनी सूचना चित्र करून टाकली. अन् त्याचं माप नेमकं पट्टीएवढं निघालं असन." राखी मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे चूक माहीच झाली. माप पाहायचं नाही, हे तिले सांगाले पाहिजे होतं."

म्हणजे कोणाचाच गुन्हा नाही. यंत्राची चूक. रजनीबाईंना क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचाच राग आला. बादलच्या डोळ्यांची जबाबदारी एका मापावर ढकलून सगळे मोकळे होणार होते.

"ते मापाचं बंद कर. बघू."

राखी केबिनमध्ये गेली. कमलाकररावांनी नाराजीने खुर्ची सोडली. मापाचा नियम बंद करून ती परत आली आणि पान नव्याने उघडलं.

जागा कोरीच.

"मापानं नाही अडवलं मंग," राखी गोंधळली.

रजनीबाई त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिल्या. मग शेजारच्या संगणकावरच्या बातम्यांच्या पानाकडे. तिथे काढलेल्या जाहिरातींच्या जागी राखाडी-पांढऱ्या चौकटींचे छोटे पट होते, बुद्धिबळाच्या पटासारखे.

"राखी, चाळणीने काही काढलं की तिथे हे पट येतात ना?"

"हो. साकेतदादानं तसंच ठेवलं. पट दिसला की समजते, इथं काहीतरी होतं अन् ते काढलं."

"मग इथे पट कुठे आहे?"

राखीचा चेहरा बदलला.

"पटाऐवजी कोरं करता येते," ती सावकाश म्हणाली. "पण ते आपोआप नाही होत, काकू. तसं हातानं लिहावं लागते. काढलं हेच कोणाले समजू नये असं वाटलं तर."

४

राखीचा फोन मिळताच साकेत यवतमाळहून दुपारच्या बसने आला. वाटेत पाठ खिळखिळी झाली म्हणत होता. पण राखीचा चेहरा पाहिल्यावर थट्टा घशातच राहिली.

"चाळणीलाच विचारू," तो म्हणाला. "तिचं एक पान असतं. त्यात एखाद्या चित्राचा पत्ता टाकला की ती सांगते, मी याचं काय केलं आणि कोणत्या नियमाने केलं."

त्याने लाल चौकटीचा पत्ता घातला. पडद्यावर नियमांची उतरंड आली.

"हे वरचे नियम चाळणीसोबतच आलेले. ते या चित्राला सोडून देतात. हे मधले मी घातलेले. तेही सोडतात. आणि हा सगळ्यात खालचा आपल्या हाताच्या फाइलीतला. एकाच चित्राला दोन नियम लागले, तर शेवटचा जिंकतो."

"आमच्या कमिटीसारखंच," पुंडलिकराव पेपराआडून म्हणाले. कोणी हसलं नाही.

शेवटच्या नियमात एकच ओळ होती. 'आज' या नावाचं चित्र, कोणत्याही साइटवर असो, अडवा. जागा कोरी ठेवा.

"सल्ल्याचे लोक रोज जुनं चित्र काढून त्याच नावाने नवं चढवतात," साकेत म्हणाला. "एरवी हवामानाचं असतं, कधी नसतंही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून ही कवटी."

"ही फाइल कुठून बदलता येते?" रजनीबाईंनी विचारलं.

"फक्त केबिनच्या मशीनवरून. हॉलमधून बदलायला मी कुलूप घातलं आहे. कशी बदलायची हे मी राखीला आणि काकांना शिकवलं होतं. मी स्वतः आषाढापासून इकडे फिरकलो नाही."

केबिनच्या दारात कमलाकरराव उभे होते. त्यांनी खेदाने मान हलवली.

"मी तर कधीच हात लावला नाही, माझं वय झालं. सकाळी केबिन झाडायला, मशीन सुरू करायला राखीच जाते, एकटी. पोरी, कोणी सांगितलं तुला हे करायला? काय मिळालं?"

राखीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आग आली.

"काकू, माहे नियम काढून बघा," ती म्हणाली. "एकही ओळ साइटच्या नावाशिवाय नाही. मागं एकदा म्या नुसतं 'ad' अडवा असं लिहिलं, तर कॉलेजच्या अ‍ॅडमिशनचं पान गायब झालं. पोरं अंगावर धावून आली होती. तवापासून आधी साइटचं नाव, मंग बाकीचं. हे सैल, ढगळं काम माहं नव्हे."

साकेतने फाइल चाळली. राखीच्या वीसेक ओळी होत्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला साइटचं नाव.

"ते काही पुरावा होत नाही," कमलाकरराव म्हणाले. "मुद्दाम वेगळं लिहिलं असेल. चार वाजता बघू." ते केबिनमध्ये परत गेले.

पण रजनीबाई ते ऐकतच नव्हत्या. 'कोणत्याही साइटवर' या शब्दांवर त्या अडखळल्या होत्या.

"साकेत," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या देवीच्या फोटोचा पत्ता टाक बरं."

त्याने टाकला. चाळणीने तीच ओळ दाखवली. क्षितिजही रोज जुना फोटो काढून नवा चढवी, आणि त्याचंही नाव असे 'आज'.

कवटी आणि देवी, दोघी एकाच ओळीत अडल्या होत्या.

५

जेवणाच्या सुट्टीत केबिनला कुलूप असे. दुसरी किल्ली घरी देव्हाऱ्याच्या खणात असे. रजनीबाई घरी गेल्या. पाट मांडला, ताट वाढलं. कमलाकरराव जेवायला बसले आणि म्हणाले, "आज देवी पिवळ्या पैठणीत आहे. झालं दर्शन. तूही बस."

"तुम्ही व्हा पुढे. मला देवळात जायचं आहे."

त्या देवळात गेल्या नाहीत. किल्ली घेऊन वाचनालयात आल्या आणि केबिन उघडली. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नव्हत्या. मशीन चालूच होतं. राखीने शिकवलेलं होतं, तसं त्यांनी देवळाचं पान उघडलं.

बाजूला लग्न जुळवणाऱ्यांची जाहिरात उड्या मारू लागली. खाली साबणाची. एका कोपऱ्यात कोणीतरी फुकट मोबाइल वाटत होतं. आणि मधोमध, पिवळ्या पैठणीत, कुंकवाचा मळवट भरलेली माहेरची देवी.

रजनीबाईंचे हात आपोआप जुळले आणि तसेच थांबले.

त्यांनी साकेतला हाक मारून विचारलं, "इथे कशी दिसते रे देवी?" तो दारातूनच म्हणाला, "काकांच्या मशीनवर चाळणी राहते, पण त्यांचा ब्राउझर तिच्यातून जात नाही. तिच्यातून गेलं की त्यांचं पेन्शनचं पान नीट उघडत नव्हतं. म्हणून त्यांना थेट लाइन दिली. इथे सगळंच दिसतं."

"सगळंच?"

"सगळंच, काकू."

कापूस-सल्ल्याचं पान त्यांना उघडायचं नव्हतं. तरी उघडलं. लाल चौकट पडद्यावर आली आणि मधली कवटी त्यांच्याकडे बघून दात विचकू लागली.

बाहेर येऊन त्यांनी माहेरी फोन लावला.

"क्षितिज, अलीकडे काकांचा फोन येतो का रे तुला? देवीला काय नेसवलं वगैरे विचारायला?"

"नाही हो आत्या. काकांचा फोन दिवाळीशिवाय कधी येतो? का?"

रजनीबाईंनी रिसीव्हर ठेवला. पोळ्यानंतरच्या प्रत्येक दुपारचा प्रत्येक घास त्यांना आठवला. तो माणूस आपल्याला डोळे उसने देत होता. आणि त्याच डोळ्यांनी रोज ती कवटी बघून फळा कोरा ठेवत होता.

आता त्यांना रडू येईल असं साकेतला वाटलं. पण त्यांनी पदर खोचला.

"राखी, मानीबाईला बोलावून आण. कमिटीत बसू दे तिला. माझ्या शेजारी."

६

कमिटीचे लोक सतरंजीवर बसले. मानीबाईही आली आणि कोणी म्हणायच्या आत रजनीबाईंच्या अंगाला अंग लावून बसली.

पुंडलिकराव खाकरले. "विषय एकच. राखीनं सूचना अडवली, म्हणून—"

"मला एक विचारायचं आहे," रजनीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, म्हणून सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "यांनाच. अहो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी देवी कोणत्या शालूत होती?"

कमलाकररावांनी चारचौघांकडे बघून कसनुसं हसून घेतलं. "अगं, हे काय इथे? हिरव्या."

"वेणी?"

"चाफ्याची. तू उपाशी राहू नयेस म्हणून मी रोज सांगत होतो. यात लाजायचं काय?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी कशाला सांगेल? मीच बघत होतो."

"कुठे?"

कमलाकररावांचं तोंड उघडं राहिलं.

"केबिनमध्ये," रजनीबाईंनीच उत्तर दिलं. "हॉलमध्ये देवी दिसत नव्हती, कारण चाळणीत ओळ होती, 'आज' नावाचं चित्र कुठलंही असो, अडवा. सूचनेचंही नाव तेच. जिथे देवी अडली तिथे सूचना अडली, आणि जिथे देवी दिसली तिथे सूचनाही दिसलीच असणार. तुम्ही सकाळी मला म्हणालात, मी केबिनमध्ये रोज ते पान उघडतो आणि सूचना नव्हती. मग ज्या डोळ्यांना चाफ्याची वेणी दिसली, त्यांना कवटी कशी दिसली नाही?"

"पण ओळ राखीने—"

"राखी रोज सकाळी माझ्यासाठी तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून पाहायची. ओळ तिची असती, तर पहिल्याच दिवशी तिला कळलं असतं की आपली ओळ देवीलाही खाते आहे. अ‍ॅडमिशनच्या भानगडीनंतर तिने साइटचं नाव टाकून ती कधीच आवळून घेतली असती. साकेत गावात नव्हता. पुंडलिकरावांना माउस धरता येत नाही. राहिलं कोण? ज्याला फाइल बदलायला शिकवलं होतं आणि जो हॉलच्या मशीनवर कधी बसत नव्हता, तो. तुमच्या पडद्यावर देवी दिसत होती. म्हणून आपण बायकोची देवी अडवली आहे, हे तुमच्या ध्यानातच आलं नाही. तुम्हाला वाटलं, नेट खराब आहे. मला उपाशी पाहून तुम्हाला दया आली, अहो. त्या दयेनेच तुम्हाला धरलं."

कमलाकररावांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकराव सतरंजीची वीण न्याहाळत होते.

"चारच दिवसांचा प्रश्न होता," कमलाकरराव शेवटी म्हणाले. "गोदाम जोडीच्या मालाने भरलेलं. फळ्यावर सूचना लागली, तर एक डबा विकला जाणार नाही, हॉलचं काम थांबेल, असं हे म्हणाले. माल उठला की ओळ काढणारच होतो. असं होईल असं मला काय माहीत? बाबांचं नाव लागणार होतं गं दारावर."

"म्या फकस्त म्हटलं होतं," पुंडलिकराव उसळले. "म्या कुठं लिहिलं? म्हटल्यानं काय होते?"

मानीबाई उठली. तिच्या हातात धोंडा नव्हता, तरी पुंडलिकराव मागे सरकले.

"माह्या पोरानं तुह्या दुकानातून जोडी नेली," ती म्हणाली. "घरून निंघताना मले म्हणे, याडी, फळा पाहून येतो, काही लिवलं असन तर नाही फवारत. फळा पाहून आला वं तो! पाहून म्हणे, काही नाही लिवलं." ती कमलाकररावांकडे वळली. "तो भरवसा ठेवून गेला, मास्तर. तुमच्या फळ्यावर."

कमलाकरराव मास्तर नव्हते. त्यांना ते सुधारावंसं वाटलं नाही.

७

साकेतने चाळणीची फाइल होती तशी जपून ठेवली. कमिटीतले दोघे आधीच पोलीस ठाण्याच्या वाटेला लागले होते. पुंडलिकरावांच्या दुकानासमोर तांड्यातल्या बाया येऊन बसल्या आणि शटर उघडू देईनात. राखीने साकेतसमोर ती ओळ बंद केली. हॉलमधल्या तिन्ही पडद्यांवर लाल चौकट एकदमच उमटली. फुटलेल्या फळ्याच्या दोन फळ्या तिने सुतळीने बांधल्या आणि लिहायला घेतलं. अक्षर भेगेवरून जाताना खडू अडकत होता.

"काकू," ती पाठमोरीच म्हणाली, "फळा इथले लोक वाचतीन. पण तांडे हायेत, रानातल्या वस्त्या, पोड हायेत, उद्या दिवस उजाडला की पंप पाठीवर घेऊन जाणारे हायेत. त्यायले कोण सांगन?"

रजनीबाईंनी केबिनच्या दारात बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. याच माणसाच्या आयुष्यासाठी त्या वडाला दोरे गुंडाळत आल्या होत्या.

"हे सांगतील," त्या म्हणाल्या. "ठाण्यातून बोलावणं यायच्या आत."

"रजनी, लोक मला मारतील गं."

"मारणार नाहीत, मी बरोबर आहे. आणि मारलं तर मारलं. उठा."

उन्हं कलताना ती दोघं तांड्यावर पोचली. गुडघे ठणकत होते, पण रजनीबाई थांबल्या नाहीत. माणसं अंगणाअंगणातून बाहेर आली. भिंतींना टेकून ठेवलेल्या पंपांची निळी पोटं उन्हात चमकत होती. पुढच्या ओळीत मानीबाई होती. तिच्याजवळ खाटेवर बादलची फुकटातली टोपी पडलेली.

कमलाकररावांनी खिशातून राखीने लिहून दिलेला कागद काढला. ओठ हलले. आवाज उमटला तो त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीपर्यंतच पोचला.

"ही सूचना... पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती... ती मी..."

मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने कानाला हात लावला.

आणि मग, जिचं बोलणं दूधवाल्यालाही दोनदा विचारावं लागे, त्या बाईचा आवाज सगळ्या तांड्याने ऐकला. विहिरीवरच्या बायांनी पोहरे धरून वळून पाहिलं.

"मोठ्याने!" रजनीबाई ओरडल्या. "'ती मी लपवली' हेसुद्धा. पहिल्यापासून. मोठ्याने वाचा!"